धावत्या पावलांवर उजेड : मैदानी शर्यतींचे छायाचित्रण आणि फ्लॅशचा उपयोग

प्रस्तुत स्मरणिकेच्या कामासाठी शाळेच्या कपाटातील जुने अल्बम खाली काढले, तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. प्रमुख पाहुण्यांचे आगमन, महामानवांच्या प्रतिमांना अभिवादन, सत्कार, बक्षीस समारंभ या साऱ्यांची छायाचित्रे स्वच्छ आणि ठसठशीत आहेत. पाहुण्यांच्या गळ्यातील हाराचे फूल न फूल मोजता येते. मात्र वार्षिक क्रीडास्पर्धांचे पान उघडले की चित्र पालटते. धुळीचा पांढरा पट्टा, त्यात चार-पाच काळपट आकृती आणि मागे मांडवाचा अर्धा खांब. पळणारे कोण, पहिले कोण, त्या मुलाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय होते, हे काही केल्या कळत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपला एक माजी विद्यार्थी आपल्या मुलीला घेऊन शाळा पाहायला आला होता. चोपडा तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याचे त्याचे गाव. वसतिगृहात असताना तो आठशे मीटर अनवाणी पळत असे आणि सलग तीन वर्षे त्याला कोणी मागे टाकू शकले नव्हते. मुलीने अल्बममधील चित्रावर बोट ठेवून विचारले, “बाबा, यात तुम्ही कोणते?” तो बराच वेळ पाहत राहिला. मग एका काळ्या ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हा असेल बहुतेक.”

ते ‘बहुतेक’ माझ्या मनातून गेले नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी आणि शिक्षक. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे चाळताना एक धडा फार लवकर शिकलो : कागद गहाळ झाला की माणूसही गहाळ होतो. छायाचित्र हाही कागदच आहे, दस्तऐवजच आहे. पाहुण्यांचा दस्तऐवज स्वच्छ आणि आपल्या मुलांचा मात्र धूसर, असे का व्हावे? यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पाहुणे स्थिर बसतात आणि मांडवात दिव्यांचा उजेड असतो. मुले पळतात आणि सायंकाळच्या शर्यतीपर्यंत सूर्य मावळलेला असतो. कॅमेऱ्याला जे सोपे तेच त्याने टिपले. जे अवघड आहे ते कसे टिपावे, हे शिकून घेणे हाच या लेखाचा विषय आहे.

गतीचे चित्र : अल्प इतिहास

छायाचित्रणाच्या आरंभकाळात हलणारी वस्तू काचेवर उमटतच नसे. माणसाला कित्येक सेकंद निश्चल बसवावे लागे. १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने एक प्रयोग केला. वेगाने फिरणाऱ्या चाकावर त्याने वर्तमानपत्राचा छापील कागद चिकटवला, खोली अंधारी केली आणि विजेची एक ठिणगी पाडली. ठिणगीचा उजेड इतका क्षणिक होता की फिरत्या कागदावरील अक्षरे वाचता येतील अशी उमटली. आजच्या फ्लॅशचे सारे तत्त्व या एका प्रयोगात आहे. चाक थांबले नव्हते. उजेडच इतका अल्पायुषी होता की तेवढ्या अवधीत चाकाला हलायला सवड मिळाली नाही.

पुढे जून १८७८ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले. घोडा दौडत जाताना वाटेत आडवे ताणलेले दोरे ओढले जात आणि एकेक कॅमेरा उघडत जाई. दौडीत एक क्षण असा येतो की घोड्याचे चारही पाय जमिनीवर नसतात, हे त्यातून सिद्ध झाले. त्या क्षणी पाय पुढे-मागे ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात. शतकानुशतके चित्रकार जे रंगवीत आले ते चूक ठरले. मायब्रिजने हे कडक उन्हात केले. उजेड पुरेसा नसेल तेव्हा काय करावे, याचे उत्तर १९३०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील विद्युत अभियंता हॅरॉल्ड एजर्टन याने दिले. फिरत्या यंत्रांचा अभ्यास करण्यासाठी त्याने पुन्हा पुन्हा लखलखणारा विजेचा दिवा वापरला. यालाच स्ट्रोब म्हणतात. त्याच दिव्याने पुढे टेनिसचा फटका, गोल्फच्या काठीचा फेरा आणि १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचा उडालेला मुकुट जगाला दिसला. आज आपल्या मुठीत मावणारा फ्लॅश हा त्याच दिव्याचा वंशज आहे.

खान्देशाचा आणि कॅमेऱ्याचा संबंधही जुना आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेला रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी पुढे छायाचित्रकार झाला. त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. म्हणजे कॅमेरा आपल्या परिसरात दीडशे वर्षांपूर्वीच आला होता. तो कोणाकडे वळला, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण क्रिकेटच्या इतिहासात सापडते. १९०५ मध्ये जॉर्ज बेल्डम या इंग्रज खेळाडूने नामवंत फलंदाजांची प्रत्यक्ष खेळतानाची छायाचित्रे ग्रंथरूपाने छापली. पुढे सरसावून फटका मारणारा ऑस्ट्रेलियाचा व्हिक्टर ट्रम्पर त्यामुळे आजही जगाच्या डोळ्यांपुढे आहे. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९११ मध्ये, पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील फिरकी गोलंदाज भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्याच्या मैदानावर ज्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई, तेच हे बाळू. तरुण भीमराव आंबेडकरांना त्यांचा अभिमान वाटे. परंतु बाळू म्हटले की आपल्याला आठवते ते संघाचे सामूहिक छायाचित्र. त्यांचा हात कसा फिरे, चेंडू बोटांतून कसा सुटे, हे ट्रम्परच्या फटक्यासारखे लोकांच्या डोळ्यांत राहिलेले नाही. तंत्र उपलब्ध होते, पण ते ज्याच्या हाती होते त्याने ज्याच्याकडे पाहिले तोच इतिहासात हलता-बोलता राहिला. आपल्या मुलांचा इतिहास आपल्या हाती आहे. म्हणून हे तंत्र आपण शिकले पाहिजे.

फ्लॅश गती कशी थांबवतो?

प्रथम थोडे गणित करू. चांगला पळणारा शालेय मुलगा सेकंदाला सुमारे ८ मीटर अंतर कापतो. कॅमेऱ्याचे शटर १/२५० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्या वेळात तो ३ सेंटीमीटरहून थोडा अधिक पुढे सरकतो आणि चित्र पुसट होते. १/१००० सेकंदात तो ८ मिलिमीटर सरकतो. १/१०,००० सेकंदात एक मिलिमीटरही सरकत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा सायकलपटू १/२५० सेकंदात साडेचार सेंटीमीटर पुढे जातो. एवढ्याशा अंतराचे काय, असे कोणी म्हणू नये. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांची वेळ ५५.४२ सेकंद होती आणि कांस्यपदक मिळवणाऱ्या धावपटूची ५५.४१. शंभरांश सेकंद म्हणजे त्या वेगाने जेमतेम सात सेंटीमीटर. शर्यतीत इतके छोटे अंतर माणसाचे भाग्य ठरवते.

भर उन्हात शटरचा वेग १/१००० किंवा त्याहून अधिक ठेवता येतो आणि तेथे फ्लॅशवाचूनही गती थांबते. पण सायंकाळी तसे केले तर चित्र काळे होते. अशा वेळी फ्लॅश उपयोगी पडतो. फ्लॅशमध्ये विजेचा साठा करणारा एक भाग असतो, त्याला कपॅसिटर म्हणतात. हा साठा झेनॉन वायू भरलेल्या काचनळीतून एकदम सोडला की लखलखाट होतो. लहान फ्लॅश पूर्ण शक्तीवर साधारण १/१००० सेकंद पेटतो. शक्ती कमी केली की उजेड मंद होत नाही, तो लवकर तोडला जातो. म्हणून १/४ शक्तीवर उजेडाचे आयुष्य सुमारे १/२५०० सेकंद, १/१६ शक्तीवर सुमारे १/१०,००० सेकंद आणि १/३२ शक्तीवर सुमारे १/२०,००० सेकंद इतके अल्प होते. नवशिके नेमकी येथेच चूक करतात. गती थांबवायची म्हणून ते फ्लॅश पूर्ण शक्तीवर लावतात. वास्तविक कमी शक्तीचा फ्लॅशच गती अधिक चांगली थांबवतो.

दुसरी अडचण शटरची. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा मिटतो. साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत चित्राची संपूर्ण चौकट एका क्षणी उघडी असते. याहून वेग वाढवला तर पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा मिटू लागतो आणि चित्रावर काळा पट्टा येतो. काही फ्लॅशमध्ये यावर उपाय म्हणून झपाझप अनेक लहान लखलखाट करण्याची सोय असते, पण त्यात उजेड फार क्षीण होतो. म्हणून मुलांना मी एकच सूत्र पाठ करायला सांगतो : मैदानाचा उजेड शटरने ठरवायचा आणि पळणाऱ्याला फ्लॅशने थांबवायचे.

हे सूत्र नीट बसण्यासाठी मैदानाचा उजेड फ्लॅशपेक्षा बराच कमी हवा. तो जास्त असेल तर फ्लॅशने मूल स्वच्छ उमटते, पण शटर उघडे असताना उरलेल्या उजेडात त्याची पुसट छाया शेजारी उमटते. मैदान दोन पायऱ्या गडद ठेवले, म्हणजे त्याचा उजेड चौथाईवर आणला, की ही छाया जवळजवळ नाहीशी होते. डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे या कामासाठी उत्तम. आकाशात निळाई असते, झाडे दिसतात आणि मुलांवर आपला उजेड पडतो.

आता उजेडाचा हिशेब. प्रत्येक फ्लॅशला एक मार्गदर्शक अंक असतो. त्याला अंतराने भागले की छिद्राचा आकडा मिळतो. समजा आयएसओ १०० असताना मीटरमध्ये हा अंक ४० आहे. १/१६ शक्तीवर तो चौथाई, म्हणजे १० होतो. आयएसओ ८०० केला की तो सुमारे पावणेतीनपट होऊन २८ होतो. फ्लॅश खेळाडूपासून ५ मीटरवर असेल तर २८ भागिले ५, म्हणजे छिद्र एफ ५.६. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. म्हणून कॅमेरा कितीही दूर असला तरी चालेल, फ्लॅश मात्र खेळाडूजवळ हवा. यासाठीच फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून वेगळ्या स्टँडवर लावायचा आणि बिनतारी ट्रिगरने पेटवायचा.

चेहऱ्याचा प्रश्न

आपल्या जुन्या अल्बममधील मुले काळी ठिपके झाली, त्याला वेगाखेरीज आणखी एक कारण आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य सरासरीने करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. आपले मैदान पांढऱ्या मातीचे, मुलांचे गणवेश पांढरे, मागे उजळ आकाश. कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला आणि तो सारे चित्र गडद करतो. माती करडी होते आणि सावळ्या मुलांचे चेहरे सावलीत बुडतात. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत आणि टोपीखाली जी गडद सावली पडते, तिचीही त्यात भर पडते.

फिल्मच्या काळात याला आणखी एक पदर होता. रंग बरोबर छापले गेले की नाही हे पाहण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे प्रमाणचित्र पाठवीत असे. त्या चित्रातील पहिल्या स्त्रीच्या नावावरून ते ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखले जाई. गोरी कातडी नीट आली की रंग नीट आले, असा तो मापदंड होता. गडद वर्णाच्या माणसांचे तपशील त्यात हरवत. पुढे लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनीही आपल्या मालाच्या छटा फिल्मवर नीट येत नसल्याची तक्रार केली आणि फिल्ममध्ये सुधारणा होत गेल्या. यंत्र निष्पक्ष असते असे आपण मानतो, पण यंत्राला मापदंड माणूसच देतो. तो मापदंड कोणाचा, हा प्रश्न समाजाच्या इतर क्षेत्रांप्रमाणे येथेही विचारावाच लागतो.

उपाय साधा आहे. मापदंड आपल्या मुलांचा चेहरा ठेवावा. शर्यतीपूर्वी एका विद्यार्थ्याला खेळाच्या जागी उभे करून चाचणीचे चित्र घ्यावे. पडद्यावर चित्र मोठे करून फक्त चेहरा पाहावा. गालाची आणि कपाळाची छटा दिसते का? डोळे दिसतात का? माती किंचित पांढरीफटक झाली तरी चालेल. फ्लॅशची शक्ती किंवा छिद्र चेहऱ्यावरून ठरवून मग ते बदलू नये. कॅमेऱ्याला आपोआप ठरवू दिले की दर चित्राला तो नव्याने फसतो.

मैदानावरील मांडणी

साहित्य फार लागत नाही. दोन लहान फ्लॅश, एक ट्रिगर, दोन स्टँड आणि पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल. सेलचा एक संच फ्लॅशमध्ये आणि एक खिशात असावा. वाऱ्याने स्टँड पडू नये म्हणून जुन्या पँटच्या पायात वाळू भरून दोन्ही टोके शिवावीत आणि ते ओझे स्टँडच्या पायावर टाकावे. आमच्या विद्यार्थ्यांनी शोधलेली ही युक्ती विकतच्या वजनांइतकीच चांगली चालते. फ्लॅश बिघडला तर तो उघडू नये. कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा दाब सेल काढल्यावरही काही काळ राहतो.

खो-खो हा फ्लॅशसाठी आदर्श खेळ, कारण खेळाडू खांबाशी येणार हे आधीच ठाऊक असते. मैदानाच्या सीमारेषेबाहेर, खांबापासून पाच मीटरवर, कडेने तिरपा आणि सात-आठ फूट उंच असा एक फ्लॅश लावावा. दुसरा समोरच्या कडेला, थोडा मागून. मागच्या फ्लॅशने खेळाडूच्या खांद्याला आणि उडालेल्या धुळीला उजेडाची कड येते आणि आकृती पार्श्वभूमीपासून सुटी दिसते. कॅमेऱ्याचा फोकस हाताने खांबावर पक्का करून ठेवावा. मग वाट पाहावी. सूर मारणाऱ्या मुलीचा हात खांबापासून वीतभर असताना बटण दाबावे. डोळ्याला तो क्षण दिसल्यावर दाबले तर उशीर झालेला असतो. म्हणून खेळ समजणे हे कॅमेरा समजण्याइतकेच आवश्यक आहे. १/१६ शक्तीवर फ्लॅश लगेच पुन्हा भरतो, तरी एका चढाईला एकच चित्र ही शिस्त बरी.

लांब उडीत वाळूच्या कडेला फ्लॅश ठेवून उडीचा सर्वोच्च बिंदू टिपावा. त्या क्षणी वर जाणे थांबलेले आणि खाली येणे सुरू व्हायचे असते. रिलेमध्ये दंड एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची जागा ठरलेली असते. तेथे दोन चेहरे आणि दोन हात एका चौकटीत येतात.

रस्त्यावरील शर्यतीचे तंत्र वेगळे. जळगावच्या ‘खान्देश रन’सारख्या स्पर्धा भल्या पहाटे सुरू होतात, तेव्हा पुरेसे उजाडलेलेही नसते. तेथे शटर १/३० सेकंद ठेवून, धावपटूबरोबर कॅमेरा त्याच गतीने फिरवत न्यावा आणि शटर मिटण्याच्या क्षणी फ्लॅश पेटेल अशी योजना करावी. मागचे दिवे रेषांसारखे ओढले जातात, धावपटू त्यातून स्वच्छ उमटतो आणि गतीची रेषा त्याच्या मागे राहते. चित्रात वेगही दिसतो आणि चेहराही. अर्थात स्टँड रस्त्याच्या कडेबाहेर हवा आणि आयोजकांची परवानगी आधी घ्यायला हवी.

दुपारच्या शर्यतीत फ्लॅशकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२५० असेल तर छिद्र सुमारे एफ ११ ठेवावे लागते. वर सांगितलेला फ्लॅश पूर्ण शक्तीवरही साडेतीन मीटरपलीकडे उन्हाची बरोबरी करू शकत नाही. पाच मीटरपर्यंत तो चेहऱ्यावरची सावली हलकी करू शकतो, एवढेच. म्हणून पळण्याचे चित्र वेगवान शटरने फ्लॅशवाचून घ्यावे आणि शर्यत संपल्यावर गुडघ्यांवर हात टेकून दम घेणाऱ्या मुलाचा चेहरा फ्लॅशने उजळावा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तेव्हा फ्लॅश सावलीत ठेवावा आणि लागोपाठ फार वेळा पेटवू नये. तापलेली नळी कायमची निकामी होते.

नको तेथे उजेड

येथे माझी एक चूक नमूद करणे मला कर्तव्य वाटते. काही वर्षांपूर्वी मुलींच्या शंभर मीटर शर्यतीत मी अंतिम रेषेच्या सरळ समोर, गुडघ्यावर बसून, कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावून थांबलो होतो. सर्वांत पुढे असलेल्या मुलीच्या डोळ्यांवर उजेड पडला, तिने क्षणभर हात चेहऱ्यासमोर आणला आणि दुसरी मुलगी तिच्या पुढे गेली. चित्र उत्कृष्ट आले. शर्यत मात्र तिची गेली. ती काहीच बोलली नाही. आमच्या मुली गुरुजींना काही बोलत नाहीत, आणि हेच मला अधिक लागले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर मी तिची क्षमा मागितली आणि ते चित्र कोठेही लावले नाही.

तेव्हापासून काही नियम कसोशीने पाळतो. पळणाऱ्याच्या डोळ्यांत सरळ उजेड टाकायचा नाही. फ्लॅश नेहमी कडेला आणि उंचावर. शर्यत सुटण्याच्या क्षणी फ्लॅश नाही. मल्लखांबावर मुलगा उलटा असताना किंवा खाली उतरताना फ्लॅश नाही. पंचांना आधी विचारायचे आणि त्यांनी नको म्हटले तर विषय संपला. खेळाडू आपल्या चित्रासाठी पळत नसतो. आपले चित्र त्याच्यासाठी असते.

जनावरांच्या शर्यतीत तर फ्लॅश वर्ज्यच मानावा. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, पण तापीकाठच्या सारंगखेड्याची दत्त जयंतीची यात्रा साऱ्या खान्देशाची राहिली. तेथील घोड्यांचा बाजार आणि शर्यती पाहायला लोक दुरून येतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला कडेचे फार दिसते आणि अंधुक उजेडातही त्याची नजर तीक्ष्ण असते. अशा जनावराच्या बाजूला अकस्मात लखलखाट झाला आणि ते बिथरले, तर दोन्हीकडे दाटीने उभ्या माणसांचे काय होईल? बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्यता कायम ठेवली, त्यामागे जनावरांना क्रौर्य होऊ नये म्हणून केलेले नियम होते. छायाचित्रकारानेही त्याच भावनेने वागावे. तेथे दिवसाचा उजेड आणि वेगवान शटर पुरेसे आहे.

आपल्या मुलांना हे समजावताना मी अजिंठ्याचे उदाहरण देतो. सहलीत तेथील चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई असल्याचे त्यांनी पाहिलेले असते. दीड हजार वर्षांहून जुने रंग जपायचे म्हणून आपण उजेड आवरतो. जिवंत डोळ्यांसाठी तो आवरायला नको काय?

चित्र काढल्यानंतर

नाव नसलेले छायाचित्र हा अर्धाच दस्तऐवज आहे. म्हणून आम्ही आता प्रत्येक निवडक चित्राच्या मागे मऊ पेन्सिलने मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता, गाव, स्पर्धा आणि दिनांक लिहितो. शाईने लिहू नये, ती कालांतराने कागदातून पुढे उमटते. संगणकातील मूळ चित्रे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवतो. पालकांची संमती घेतल्याशिवाय कोणतेही चित्र समाजमाध्यमांवर टाकत नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत हा निर्णय त्यांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या घरी ट्रंकेत, भिंतीवरील चौकटीत, जुन्या वहीत शाळेच्या मैदानाचे एखादे चित्र असेल तर ते घेऊन या. आम्ही त्याची प्रत काढून मूळ चित्र त्याच दिवशी परत देऊ. कार्यालयात टेबलावर जुने अल्बम आणि शेजारी एक वही ठेवली आहे. ज्या चित्रात आपल्याला कोणी ओळखू येईल, त्याचे नाव त्या वहीत लिहा. चेहरा दिसत नसला तरी पळण्याची ढब, वाकलेला खांदा, मोठ्या भावाचा ढगळ सदरा यांवरून वर्गमित्र ओळखतात, हा आमचा अनुभव आहे. चोपड्याच्या त्या आमच्या धावपटूचे तसेच झाले. त्याच्या तुकडीतील दोघे नंतर आले. त्यांनी तो काळा ठिपका नीट पाहिला आणि निःशंकपणे त्याचे नाव सांगितले. वहीत ते आता लिहिलेले आहे. त्याची मुलगी जूनपासून आपल्या शाळेत आहे, आणि ती पळते. तिचे चित्र पाहताना पुढे कोणाला ‘बहुतेक’ म्हणावे लागणार नाही, एवढी जबाबदारी आम्ही घेतली आहे.